टेकडीवरचा पांढरा कावळा

माझं अक्षर चांगलं, म्हणून मला नोकरी मिळाली. नागपुरातल्या एका सरकारी संग्रहालयात मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नावं लिहायचे. मूर्तीखाली मूर्तीचं, नाण्याखाली नाण्याचं, आणि पक्ष्यांच्या दालनात काचेच्या कपाटात पक्ष्याखाली पक्ष्याचं. ते पक्षी सगळे पेंढा भरलेले. कधी काळी कुणा इंग्रज साहेबांनी मारलेले, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी, पायांना तार. जुन्या पट्ट्या इंग्रजीत होत्या, त्या मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. वर पक्ष्याचं नाव, आणि जे पक्षी थंडीत उत्तरेकडून येतात त्यांच्या नावाखाली दोन शब्द : हिवाळी पाहुणा. बदकांखाली हिवाळी पाहुणा, चक्रवाकाखाली हिवाळी पाहुणा, कुरवाखाली हिवाळी पाहुणा. 'पाहुणा'मधल्या 'णा'ला मी एक छानशी वेलांटीसारखी गाठ द्यायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. आता तो शब्द लग्नपत्रिकेत दिसला तरी मी पत्रिका उलटी करून ठेवते.

माझं सासर नागपूरच्या उत्तरेला, जंगलाला लागून, नदीकाठचं एक गाव. सत्तरच्या दशकात त्या नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. घरं, वावरं, विहिरी, आमच्या दारापुढचं मोहाचं झाड, सगळं. उरली ती एक मारुतीची टेकडी. गावाच्या डोक्यावर होती म्हणून वाचली, चारी बाजूंनी पाणी आणि मधात ती एकटी. सासू-सासरे आमच्याकडे नागपुरात, सदर भागात राहायला आले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. सदरच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, भाड्याच्या, वर टिनाचं छप्पर. तिथे आम्ही दोघं नवरा-बायको राहत होतो, आता चौघं झालो.

मी सुनेच्या कामात कसूर केली नाही. उलट जरा जास्तच केलं, आणि तेच तर मला छळतं. मामाजींनी गावाहून येताना आपला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास आणला होता. चेपलेला, बुडाशी काळा पडलेला. चहा प्यायचा तर त्यातच, अशी त्यांची सवय. मला लाज वाटली. सासऱ्याला असल्या भांड्यात चहा दिला तर शेजारीण काय म्हणेल? मी लग्नात आलेली निळ्या फुलांची कपबशी काढली, जी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. रोज सकाळी त्यात चहा. "या मामाजी. बसा मामाजी. तुम्ही नका उठू मामाजी." त्यांनी अंगण झाडायला खराटा घेतला की मी हातातून काढून घ्यायचे. नळावर बादली घेऊन निघाले की मागे धावायचे, "अहो, काय करता, लोक बघतात!" ते कप दोन्ही हातांनी धरायचे, दुसऱ्याचं तान्हं पोर हातात दिल्यासारखा. चहा पिऊन झाला की कप भिंतीशी सुरक्षित ठेवायचे आणि खाटेच्या काठावर बसून राहायचे. पूर्ण टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. वर्षाच्या आत गेले. तापाचं निमित्त झालं.

ते गेल्यानंतर पहिला पितृपक्ष आला. मी पहाटे उठून उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, गवारीची भाजी, सगळं केलं. यांनी पळसाच्या पानावर वाढून पान टिनावर ठेवलं, आणि हात मागे घेतला नाही तोच कावळा हजर! वडा उचलला आणि समोरच्या विजेच्या खांबावर जाऊन बसला. आमचा जीव भांड्यात पडला. आत्याबाई मात्र तोंड फिरवून उभ्या.

"हा सदरचा कावळा हाय," त्या म्हणाल्या. "हा कोणाचंही खाते. सकाळी बेकरीपाशी पाव खाऊन राहिला होता, मी पायलं."

"अहो आत्याबाई, कावळा तो कावळा."

"काहून? माणूस तो माणूस असते का? ह्याले त्याईची वळख तरी हाय का? पान टेकडीवर ठेवा लागते. तिथला कावळा त्याईले वळखते."

झालं. त्या दिवसापासून एकच धोशा, टेकडीवर जायचं. यांचा साफ नकार. बुडालेल्या गावात बायांनी कशाला जायचं, डोंगा उलटला म्हणजे? पण मी आत्याबाईंच्या बाजूने उभी राहिले, आणि अशी उभी राहिले की यांना संशय आला. संशय बरोबर होता. ऑफिसात कुणीतरी म्हटलं होतं की धरणाच्या नव्या पाण्यावर दूरदूरचे पक्षी उतरतात, समुद्रावरचे कुरवसुद्धा. उत्तरेकडून खाली समुद्राकडे जाताना मोठं पाणी दिसलं की ते थांबतात म्हणे. मी आयुष्यभर कापूस भरलेले पक्षी पाहिले होते. जिवंत कुरव पाहायला मिळेल, या कल्पनेने मला रात्ररात्र झोप येईना.

"पाखरं पाहाले जायचं तर सरळ सांग नं," हे म्हणाले, "माह्या बापाले मधात काहून घेते?"

मी म्हटलं, "घेते! दोन्ही कामं एका फेरीत होतात." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आत्याबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे पितृपक्ष लांबला, पार ऑक्टोबरात गेला. आम्ही दोघींनी सकाळची पहिली यष्टी धरली. आत्याबाईंच्या मांडीवर वड्यांचा डबा, माझ्या गळ्यात यांच्या मित्राकडून मागून आणलेली दुर्बीण. यष्टीने सोडलं तिथून चालत गेलो. गावाचा जुना रस्ता अजून होता. दोन्ही बाजूंना बाभळी, मैलाचा दगड, आणि मग तो रस्ता सरळ चालत पाण्यात उतरला होता. तिथे डोंगा घेऊन गावचाच एक ढिवर उभा होता. बाकीचे गाव सोडून गेले, तो मासेमारीसाठी काठावर झोपडं बांधून राहिला होता. आत्याबाईंना काकी म्हणायचा.

तो डोंगा वल्हवायचा गावाच्या हिशेबाने. "काकी, आता आपुन पाटलाच्या वावरातून चाललो." जरा वेळाने, "आता शाळा." मग थोडं थांबून, "काकी, मातामाय." आत्याबाईंनी वाकून चपला काढल्या आणि हातात धरल्या. गावात मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्यापुढून चप्पल घालून कुणी जात नसे. ठाणं आता कितीतरी हात खाली, वर हिरवं पाणी, आणि ही बाई डोंग्यात अनवाणी बसलेली. मी ते पाहिलं, पण अर्धवटच पाहिलं. कारण त्याच वेळी पाण्यातल्या वाळक्या झाडांवरून बदकांचा थवा उठला, शेपटीला लांब टोक असलेली, ज्यांना मी पट्टीवर तलवार बदक लिहिलं होतं ती, आणि मी "अगं बाई! अगं बाई!" करत दुर्बीण डोळ्याला लावली. आत्याबाई कुठून चालल्या होत्या आणि मी कुठे होते!

टेकडीवर मारुतीचा चौथरा, दोन कडुनिंब आणि गवत. आत्याबाईंनी चौथऱ्यापुढे पान मांडलं, पाणी फिरवलं, आणि "या, जेवा," म्हणून मागे सरून बसल्या. आम्ही वाट पाहू लागलो. धोबी पक्षी शेपटी हलवत पानाभोवती फिरले, त्यांना वड्यात रस नव्हता. मुंग्या लागल्या. ऊन चढलं. कावळा काही येईना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. कावळा माणसांच्या मागे राहतो. खरकटं तिथे कावळा. या टेकडीवर ना चूल, ना खरकटं, ना माणूस. इथे कावळा येणार कुठून? कावळेसुद्धा गाव सोडून गेले होते. पक्ष्यांच्या पट्ट्या लिहिणारी मी, आणि एवढी साधी गोष्ट मला घरी सुचली नाही. सुचली असती तर यायला मिळालं नसतं, म्हणून सुचली नसेल.

आत्याबाई पानाकडे बघत बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. "काय राहिलं असन त्याईचं?" एवढंच एकदा म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं की कावळा शिवत नाही, ही तर आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट. मी त्यांच्याकडे बघणं टाळत होते.

आणि तेवढ्यात पाण्यावरून तो आला. एकटाच. रुंद पंख, अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं काळी, आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका, बाळाला तीट लावावी तसा. कुरव! माझ्या कपाटातला कुरव, पण जिवंत, पिवळट मण्यांच्या जागी खरे डोळे. दोनदा घिरट्या घातल्या, कर्कश ओरडला, खाली झेप घेतली आणि पानावरचा वडा उचलून पाण्यावर गेला.

आत्याबाई ताडकन उठल्या. "कावळा! अवं, पांढरा कावळा!" त्या पाण्याकडे बोट दाखवत होत्या. "पाय, पाय! पाण्यात राहून राहून पांढरा झाला वं तो. सारा धुतल्या गेला. पंखाची टोकं तेवढी काळी राह्यली. कावळाच हाय नं? सांग, तुले पाखरं समजते."

मी म्हटलं, "हो आत्याबाई. कावळाच आहे."

त्या रडल्या, हात जोडून, मोकळं रडल्या. मीही रडले. डोंगेवाल्याला वाटलं सून किती मायाळू. मी रडले ती कुरव दिसला म्हणून. मामाजी त्या घडीला माझ्या मनातसुद्धा नव्हते. परतताना यष्टीत आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला आणि नागपूर येईपर्यंत सोडला नाही, आणि मला तो हात निखाऱ्यासारखा वाटत होता.

मग सुरू झाला फजितीचा भाग. तो पितृपक्ष लांबला होता म्हणून त्या कुरवाची आणि आमची गाठ पडली. तोही थव्याच्या पुढे आलेला एखादा घाईघाईचा असावा. कुरव खरे येतात ते दिवाळीच्या सुमाराला. पुढच्या वर्षी पितृपक्ष आपल्या नेहमीच्या वेळेला आला, सप्टेंबरात, पाऊसही धड गेला नव्हता. टेकडीवर पान मांडलं, दुपार झाली, कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. पान मुंग्यांनी खाल्लं. आत्याबाई त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. ते जेवल्याशिवाय मी कशी जेवू, हा त्यांचा सवाल, आणि मग तो उपास दुसऱ्या दिवसावर जायचा, तिसऱ्यावर जायचा. अंगातलं पोलकं ढिलं व्हायला लागलं होतं.

"एक डाव आले, मंग आले नाहीत," त्या म्हणायच्या. "मीच काही केलं असन. माह्यावर रुसले ते."

मी त्यांना समजावलं की तो पक्षी थंडीतच येतो, आपण दिवाळीनंतर जाऊ. तर म्हणाल्या, "तिथी काय मी ठरवली?" आता बोला! तो कावळा नाही, ही गोष्ट सांगितल्याशिवाय हे समजावणार कसं? आणि ती सांगितली तर त्या एका वर्षाचं जेवणही त्यांच्या तोंडातून काढून घ्यायचं. हे मला म्हणाले, "तूच चढवलं, तूच उतरव." मी दातओठ खाल्ले, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

घरी मात्र पान ठेवणं बंदच झालं होतं. सदरच्या कावळ्याला आत्याबाई कावळा मानायलाच तयार नव्हत्या. तो बिचारा, किंवा बिचारा कसला, तो चोर, रोज सकाळी टिनावर येऊन टकटक करायचा. मी वाळत घातलेले सांडगे पळवायचा, एकदा साबणाची वडी घेऊन गेला. मी कोपऱ्यात एक काठीच ठेवली होती. टकटक ऐकू आली की पोळी तव्यावर सोडून मी काठी घेऊन बाहेर धावायचे आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. गल्लीतल्या बाया हसायच्या.

मग एका दिवशी मी चष्मा घरी विसरले. दुपारी पाहते तर आत्याबाई संग्रहालयाच्या दारात, चष्मा पदरात बांधून चालत आलेल्या. त्या आधी कधी आत आल्या नव्हत्या. म्हटलं आलाच आहात तर बघा, आणि मी टेबलावरचं काम आवरायला गेले. आवरून बघते तर आत्याबाई पक्ष्यांच्या दालनात, एका कपाटापुढे खिळल्यासारख्या उभ्या. काचेला दोन्ही तळवे टेकवलेले. आत कुरव.

मी धावत त्यांच्यापाशी गेले.

"ह्याले इथं कोणं कोंडलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खूप जुना आहे, साहेब लोकांनी मारला, आत कापूस आहे. असे पुष्कळ असतात, दर हिवाळ्यात येतात, दूरच्या बर्फातून. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

"खाली काय लिवलं?"

"त्याचं नाव. कुरव."

"आन त्याच्या खाली?"

"हिवाळी पाहुणा."

"कोणं लिवलं हे?"

"मी."

त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझ्या त्या गाठीवरून त्यांनी काचेवर बोट फिरवलं. "पाव्हणा," त्या म्हणाल्या. "तेई हेच म्हणत."

"कोण?"

"तुहे मामाजी. म्हणत, सून लय लक्ष्मी हाय, कपबशीत चहा देते. पण मले ह्या घरात पाव्हणा करून टाकलं तिनं. पाव्हण्यानं किती दिवस राहावं, म्हणे."

भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं, तशा सहज त्या हे म्हणाल्या. त्यात राग नव्हता, ठपका नव्हता. चष्मा सोडून माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या. मी त्या कपाटापुढे उभी राहिले आणि मला माझ्या अक्षराची किळस आली. त्या दालनात जिकडे बघावं तिकडे माझीच पट्टी, माझाच तो शब्द, माझीच ती दिमाखदार गाठ.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडे गेले आणि म्हटलं, हे दोन शब्द बदलायचे आहेत. ते म्हणाले, "बाई, मराठीत याला हिवाळी पाहुणाच म्हणतात. तुम्ही दुसरं काय लिहिणार?" पट्टी तशीच राहिली. मी नोकरी सोडेपर्यंत तिथेच होती.

घरी येऊन मी तो जर्मनचा गिलास शोधला. आणि तो कुठे सापडावा? स्टोव्हपाशी. मामाजी गेल्यावर मी त्याने स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होते. माझ्याच हातांनी, रोज, इतकी वर्षं, आणि एकदाही मनात काही आलं नाही. राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात ठेवला. वास जाता जाईना. मी मोरीत बसून घासत होते आणि आत्याबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली. एका सकाळी आत्याबाई आपणहून म्हणाल्या, "चाल, टेकडीवर जाऊ." तिथी नव्हती, काही नव्हतं. मी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तू म्हणत होती नं, थंडीत येते? मंग चाल." मी वडे तळले. दुर्बीण मात्र घरीच ठेवली. गळ्यात ती असली की मी तिथे नसतेच, हे मला कळलं होतं.

त्या दिवशी धरणाचं पाणी निळंभोर होतं. डोंगा मातामायवर आला, आत्याबाईंनी चपला काढल्या, या वेळी मीही काढल्या. डोंगेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. टेकडीच्या वळणावर आलो आणि आत्याबाईंनी माझा दंड पकडला.

टेकडी पांढरी झाली होती. चौथऱ्यावर, गवतात, काठच्या दगडांवर, पाण्यात, जिकडे तिकडे कुरव. कलकलाट तर असा की बाजाराचा दिवस वाटावा. आम्ही उतरलो तसे सगळे एकदम उठले, डोक्यावर गोल फिरले आणि परत बसले.

"अवं माय!" आत्याबाई म्हणाल्या. "अख्खं गाव आलं वं!"

त्यांनी डबा उघडला आणि वडे कुस्करून फेकायला लागल्या. कुरवांची झुंबड उडाली. आणि आत्याबाई एकेकाला ओळखायला लागल्या. "तो पाय, एक तंगडी दुमडून उभा हाय, तो आपला न्हावी. असाच भिंतीले उभा राहे. ते पाय, दुसऱ्याच्या तोंडातलं हिसकून राहिली, ती कोतवालाची बायको. मेली तरी सवय गेली नाही वं तिची!" डोंगेवालाही पुढे झाला. "काकी, हा पाहा माहा बाप! मासा भेटला तरी बोंबलून राहिला." तो हसत होता आणि मनगटाने डोळे पुसत होता. दोघांनी मिळून अख्खी गल्ली, अख्खा वाडीचा रस्ता, लग्नात भांडलेले व्याही, सगळे ओळखले. इतक्या वर्षांत आत्याबाईंना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मला राहवलं नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या स्वार्थासाठीच ऐकायचं होतं, म्हणजे छातीवरचं ओझं उतरलं असतं.

"आणि मामाजी?" मी विचारलं. "यातले मामाजी कोणते, आत्याबाई?"

त्यांचं हसणं हळूहळू ओसरलं. त्यांनी टेकडीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. मग उरलेला वडा डब्यात परत ठेवला.

"ते इथं कायले येतीन वं?" त्या म्हणाल्या. "हे सारे धरणाच्या आधीच मेले, हे गावासंग इथंच राह्यले. ते तं आपल्यासंग आले. ते सदरातच मेले."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते टिनावर हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "रोज येऊन टकटक करून राहिले. मी म्हणतो हा सदरचा कावळा, अन् तू काठी घेऊन धावते."

डोंग्यात आम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलो. मातामाय कधी गेली ते डोंगेवाल्याने सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, मला ऐकू आलं नाही. चपला घरी येईपर्यंत हातातच होत्या असं यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला आणि त्या चेपलेल्या गिलासात ओतला. रॉकेलचा वास अजून होता, थोडासा. मामाजींना शिळी भाकर चहात बुडवून खायला आवडायचं, माझ्या घरी त्यांनी ती कधी मागितली नाही. मी भाकर बुडवली आणि स्टुलावर चढून टिनाच्या कडेला ठेवली. कावळा खांबावर बसला होता. माझ्याकडे, माझ्या रिकाम्या हातांकडे मान वाकडी करून बघत होता. काठी शोधत असणार.

जिभेवर शब्द आले होते, वर्षभर रोज म्हटलेले. या मामाजी. बसा मामाजी. ओठ उघडले आणि मी तशीच थांबले. 'या' म्हणतात ते पाहुण्याला. घरच्या माणसाला कुणी या म्हणत नाही, बसा म्हणत नाही. तो येतो, खातो, कटकट करतो, आपल्या गिलासात चहा पितो, खराटा घेऊन अंगण झाडतो, आणि आपलं त्याच्याकडे लक्षसुद्धा नसतं.

"काहून उभी राहिली वं तिथं?" आतून आत्याबाईंचा आवाज आला. "पोळ्या कोण लाटन?"

मी स्टुलावरून उतरले, आत गेले, पोळपाट ओढला. डोक्यावर टिनावर टकटक सुरू झाली. मी वर पाहिलं नाही, लाटत राहिले. एवढंच करायचं होतं, ते होते तेव्हा.